पंतप्रधान महोदय, चूक तुमच्या संगणकाची, मग पुरावा आमच्याकडे का मागता?

प्रति,
मा. पंतप्रधान सर किअर स्टार्मर,
१० डाउनिंग स्ट्रीट, लंडन

सविनय नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही मोठं व्यापारी शिष्टमंडळ घेऊन मुंबईला आलात. त्या दौऱ्यात आधारचे शिल्पकार नंदन निलेकणींना भेटलात आणि आधारच्या यशाचं तोंड भरून कौतुक केलंत. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, तुम्ही ब्रिटनमध्ये डिजिटल ओळखपत्र आणण्याची घोषणा केली होती. या संसदेची मुदत संपेपर्यंत ज्याला नोकरी करायची आहे त्याच्याकडे ते असायलाच हवं, असं तेव्हा सांगितलं गेलं. देशभर गदारोळ झाला, विरोधातल्या याचिकेवर २५ लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि जानेवारी २०२६ मध्ये सक्तीची भाषा मवाळ झाली. योजना मात्र उभीच आहे. म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत आहे, कारण हॅरो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स इथल्या आमच्या लोकांनी ते आधी वाचावं आणि पटलं तर पुढे पाठवावं, अशी माझी इच्छा आहे. तुमच्या कचेरीत ते वाचून दाखवणारं कोणीतरी सापडेलच. नाहीतर एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, कुठल्याही रुग्णालयात विचारा, एखादी मराठी नर्स नक्की भेटेल.

मुंबईत तुम्हाला आधारची जी बाजू दाखवली गेली, ती खोटी नाही. तिकडे बँकेत खातं उघडणं, सिमकार्ड घेणं ही आता मिनिटांची कामं आहेत. माझ्या सासूबाईंना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आता बँकेत खेटे घालावे लागत नाहीत, घरबसल्या होतं. पण मुंबईपासून बरंच लांब, नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली नावाचं गाव आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे दिलं गेलं. त्या भागातल्या, खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही, रेशन दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिला असतात, तर एक वाक्य हमखास कानावर आलं असतं: ‘अंगठा उठत नाही.’ आयुष्यभर शेतात किंवा वीटभट्टीवर राबलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. अंगठ्याचा ठसा तपासणारं ई-पॉस मशीन त्याला ओळखत नाही. दुकानदार त्याला तीस वर्षं नावानिशी ओळखतो, तरी मशीन नाही म्हणालं की तोही नाही म्हणतो. ‘उद्या बघू,’ म्हणतो. नियमात पर्याय आहेत, ओटीपी आहे, नोंदवहीत लिहून धान्य देण्याची सोय आहे. पण ओटीपी यायला रेंज लागते, आणि नोंदवहीत लिहायला दुकानदाराची इच्छा लागते.

योगायोग असा की आमच्या सर्वोच्च न्यायालयाने आधारचा निकाल दिला तोही २६ सप्टेंबरलाच, २०१८ साली, तुमच्या घोषणेच्या बरोबर सात वर्षं आधी. चार विरुद्ध एक अशा मताने कायदा टिकला, पण खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारी तरतूद न्यायालयाने छाटली. जे एकटे न्यायमूर्ती विरोधात गेले ते धनंजय चंद्रचूड. निलेकणींशी बोललात ते बरं केलंत. पुढच्या वेळी तो विरोधी निकालही मागवून घ्या.

आता ब्रिटनकडे येते. डिजिटल ओळखपत्राची चर्चा सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून असं बोललं गेलं की या देशात हा प्रयोग नवीन आहे. आम्हाला गंमत वाटली. हा प्रयोग आमच्यावर वर्षानुवर्षं चालू आहे.

इतिहास तुम्हाला माहीत आहे, पण आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात इथे प्रत्येकाला ओळखपत्र बाळगावं लागे. युद्ध संपलं तरी ते चालूच राहिलं. डिसेंबर १९५० मध्ये फिंचलीत क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांची गाडी पोलिसांनी अडवली आणि ओळखपत्र मागितलं. विलकॉक यांनी चक्क नकार दिला. खटला वरपर्यंत गेला. न्यायाधीशांनी त्यांना दोषी ठरवलं खरं, पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरणाऱ्या पोलिसांनाही चांगलंच सुनावलं. १९५२ मध्ये ओळखपत्रं गेली. मग २००६ मध्ये लेबर सरकारने पुन्हा कायदा केला, २०१० मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि २०११ मध्ये त्या नोंदवहीच्या हार्ड डिस्क यंत्रात घालून त्यांचा चुरा केला, तोही कॅमेऱ्यांसमोर. नागरिकांच्या स्वातंत्र्याचा विजय म्हणून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. परदेशी नागरिकांसाठी नोव्हेंबर २००८ पासून जी कार्डं सुरू झाली होती ती तशीच चालू राहिली. बोटांचे ठसे, फोटो, सगळ्यासकट. आम्ही त्याला बीआरपी (बायोमेट्रिक रेसिडेन्स परमिट) म्हणतो.

बीआरपी निदान हातात तरी होतं. पाकिटात ठेवता यायचं, घरमालकाला दाखवता यायचं. ३१ डिसेंबर २०२४ ही त्या कार्डांवरची अखेरची तारीख ठरवून तुमच्या गृहखात्याने तेही काढून घेतलं आणि ई-व्हिसा दिला. ई-व्हिसा म्हणजे एक खातं. नोकरी लागली, घर भाड्याने घ्यायचं झालं, की त्या खात्यात शिरायचं, नऊ अक्षरांचा शेअर कोड काढायचा आणि समोरच्याला द्यायचा. कामासाठीचा कोड ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, घरभाड्यासाठीचा ‘आर’ने. नव्वद दिवस चालतो. संकेतस्थळ चालू असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, हे मी मान्य करते. बंद असेल, किंवा पडद्यावर ‘तुमची माहिती दाखवता येत नाही’ असं आलं, तर त्या क्षणी या देशात राहण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या माणसाजवळ दाखवायला काहीही नसतं. छापील कागद चालत नाही. स्क्रीनशॉट चालत नाही.

आता आमच्या नावांचं बघा. समजा, साताऱ्याची एक मुलगी आहे. जन्मापासून तिचं नाव तीन शब्दांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पदवीच्या प्रमाणपत्रावर तेच. लग्न झालं की मधलं नाव नवऱ्याचं होतं, आडनावही बहुधा बदलतं. भारतीय पासपोर्टावर पहिली दोन नावं ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात बसतात. इथे आल्यावर एक बँक फक्त पहिलं नाव घेते, दुसरी दोन्ही घेते, दवाखान्यात मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर लागतं, आणि विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावं एकमेकांना चिकटून एक लांबलचक शब्द तयार होतो. आमच्याकडे कोणाला यात काही वावगं वाटत नाही. निरक्षर आजीसुद्धा सांगेल की लग्नाआधीची ती आणि लग्नानंतरची ती एकच. इथल्या संगणकाला मात्र त्या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात. मग पत्र येतं: नाव बदलल्याचा अधिकृत पुरावा सादर करा. तिने नाव ‘बदललेलं’ नसतंच. आई, आजी, पणजी जे करत आल्या तेच तिने केलेलं असतं, आणि त्याचा कोणी दाखला ठेवलेला नसतो.

पुढे तिचा पासपोर्ट संपतो. इथूनच अर्ज करून नवा मिळवते. आता हा नवा नंबर तिने ई-व्हिसाच्या खात्याला जोडायला हवा, नाहीतर मुंबईहून परत येताना विमान कंपनीच्या पडद्यावर तिची परवानगी दिसणार नाही. जोडण्याचा अर्ज केला तरी तो मंजूर होईपर्यंत खात्यात जुनाच नंबर दिसत राहतो. एवढ्यात गावाकडून फोन आला, वडील सिरियस आहेत, तर तिने काय करायचं? जुना पासपोर्टही जवळ ठेवा, असं इथली जुनीजाणती मंडळी सांगतात. एवढी साधी गोष्ट सांगायला आम्हाला व्हॉट्सॲपचे ग्रुप लागतात, यातच सगळं आलं. आणि देशाबाहेर अडकलेल्या माणसाने तुमच्या खात्याला ईमेल करून काही विचारायचं म्हटलं, तर २०१७ मध्ये त्या एका ईमेललाही ५.४८ पौंड आकारायला सुरुवात झाली होती. अर्जाची फी, आरोग्य अधिभार बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला २०२५ मध्ये ३,०२९ पौंड, हे सगळं मुकाट्याने भरल्यावर प्रश्न विचारायचेही पैसे! असो. पैशांचं रडगाणं लांबवत नाही, ते या पत्राचं कारण नाही.

हे अपवादात्मक किस्से आहेत असं तुमचे अधिकारी तुम्हाला सांगतील. त्यांना २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एका प्रकाराबद्दल विचारा. गृहखात्याच्या संगणकात ७६,०००हून जास्त लोकांच्या नोंदी चुकीच्या होत्या. एकाच्या नोंदीत दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा फोटो, किंवा व्हिसाची दुसरीच स्थिती. म्हणजे एखाद्याने आपला शेअर कोड मालकाला द्यावा आणि मालकाच्या पडद्यावर भलत्याच माणसाचा चेहरा यावा.

महोदय, तुम्ही राजकारणात येण्याआधी वकील होतात. २००८ ते २०१३ या काळात इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी वकिलांचे प्रमुख होतात. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते, हे तुम्हाला मी काय सांगावं? पण तुमच्या सरकारचा संगणक एखाद्या माणसाबद्दल काही म्हणाला, की हा नियम उलटा होतो. संगणक आरोप करतो आणि माणूस पुराव्यांच्या मागे धावत सुटतो. माझी सगळी तक्रार एवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे.

२०२५ मधलंच उदाहरण घ्या. तुमच्या करखात्याने सुमारे २३,५०० कुटुंबांचा बालभत्ता थांबवला. कारण काय, तर गृहखात्याच्या प्रवासाच्या नोंदींनुसार ही मंडळी देश सोडून गेली आणि परत आलीच नाहीत. त्यातले कित्येकजण घरीच होते. उत्तर आयर्लंडमधली कुटुंबं बेलफास्टहून सुट्टीला गेली आणि परतताना डब्लिनला उतरून गाडीने घरी आली. आयर्लंडच्या त्या सीमेवर पासपोर्ट तपासतच नाहीत, तसा दोन्ही देशांचा जुना करारच आहे. म्हणजे सरकारनेच जिथे नोंद ठेवायची नाही असं ठरवलं, तिथे नोंद नाही म्हणून सरकारनेच भत्ता बंद केला. काहींनी तर नुसतं तिकीट काढलं होतं आणि गेलेच नव्हते. मग या आईबापांना चौकश्यांची लांबलचक यादी आली: आपण याच देशात राहतो हे सिद्ध करा. शाळेचं पत्र आणा, डॉक्टरांचं पत्र आणा, बँकेचे कागद आणा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? करखात्याने नंतर माफी मागितली. मूल रोज शाळेत जातं, डॉक्टरकडे त्याची नोंद आहे, आईच्या पगारातून दरमहा त्याच खात्यात कर जातो. भत्ता थांबवण्याआधी हे एकदा पाहायला काय हरकत होती?

विंडरश प्रकरण तर तुम्हाला तोंडपाठ असेल. १९७३च्या आधी कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं, बसमध्ये कंडक्टर, रुग्णालयात नर्स म्हणून आयुष्य घालवलेली. २०१२ नंतरच्या ‘होस्टाइल’, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं अवघड करण्याच्या, धोरणात त्यांना विचारलं गेलं, तुम्ही इथे कायदेशीर राहता हे दाखवा, दर वर्षाचा पुरावा आणा. ज्यांच्यावर त्यांच्या येण्याची तारीख होती ती बोटीवरून उतरतानाची कार्डं गृहखात्याने स्वतःच २०१० मध्ये नष्ट केली होती. पुरावा सरकारने जाळायचा आणि म्हाताऱ्याने शोधून आणायचा! लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर पाठवलं गेलं. २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. आमच्यातले जे लोक १९६०-७०च्या दशकात इथे आले, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढून जुने पासपोर्ट तपासले. आमच्या मंडळातल्या एका आजोबांनी आपल्या पहिल्या पगाराची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. कोणाला दाखवायची असं विचारलं तर म्हणतात, ‘कोण मागेल ते आत्ता कुठे माहीत आहे?’

आणि पोस्ट ऑफिस. पोस्टाच्या शाखांचा हिशेब ठेवणारी फुजित्सू कंपनीची होरायझन ही संगणक प्रणाली १९९९ पासून सुरू झाली. तिच्या हिशेबात खोट निघाली की तूट भरायची पोस्टमास्तरने, म्हणजे पोस्टाची शाखा चालवणाऱ्या दुकानदाराने, आणि नाही भरली तर चोरीचा गुन्हा. ९००हून जास्त जण दोषी ठरले. त्यांत आपल्या गुजराती, पंजाबी दुकानदारांची घरं किती होती, हे इथल्या प्रत्येक देशी माणसाला ठाऊक आहे. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं. २०२१ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली, आणि बाकीच्या शेकडो लोकांची शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला. या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातला एक छोटासा बदल आहे. १९८४च्या कायद्यात एक कलम होतं: संगणकाचा पुरावा कोर्टात मांडायचा तर तो संगणक नीट चालत होता हे मांडणाऱ्याने दाखवावं. १९९९च्या कायद्याने ते काढून टाकलं. तेव्हापासून संगणक बरोबर आहे असंच धरून चालतात, तो चुकला हे दाखवायचं काम आरोपीचं. दुकान चालवणाऱ्या बाईने फुजित्सूचा प्रोग्रॅम चुकीचा आहे हे कसं दाखवायचं? इतकं सगळं होऊन गेल्यावरही ते गृहीतक रद्द का होत नाही, याचं उत्तर तुमच्यासारख्या वकिलाकडून ऐकायला आवडेल.

आता, एवढी सगळ्यांची माहिती जिथे एकत्र करायची म्हणता, ती सांभाळणार कोण? तुमच्या खात्यांचा इतिहास काही भरवसा ठेवण्यासारखा नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये करखात्याने अडीच कोटी लोकांची माहिती दोन सीडींवर भरून लंडनला लेखापरीक्षकांकडे कुरिअरने पाठवली. पोचल्याची नोंद ठेवणारी सेवा वापरली नाही, माहिती सांकेतिक रूपातही नव्हती, नुसता पासवर्ड. नावं, पत्ते, मुलांच्या जन्मतारखा, बँकेचे खातेक्रमांक. त्या सीडी पोचल्याच नाहीत. २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या संगणकात कोणीतरी घुसलं. आयोगाला कळायला वर्षाहून जास्त लागलं आणि चार कोटी मतदारांना सांगायला ऑगस्ट २०२३ उजाडला. २०२५ मध्ये कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेतून अर्जदारांच्या गुन्ह्यांच्या नोंदींपर्यंत सगळं गेलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

सगळ्यात वाईट प्रकार अफगाण लोकांचा. तुमच्या सैन्यासाठी दुभाषे म्हणून काम केलेल्या, तालिबानपासून लपून बसलेल्या सुमारे अडीचशे माणसांना सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण खात्याने एकच ईमेल पाठवला, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असा. साडेतीन लाख पौंड दंड झाला. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळजवळ १९ हजार अर्जदारांची माहिती असलेली एक्सेल फाइल ईमेलने बाहेर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ते लक्षात आलं, आणि सरकारने कोर्टाकडून असा मनाईहुकूम आणला की बातमी तर छापायची नाहीच, हुकूम आहे हेही कोणाला सांगायचं नाही. जुलै २०२५ पर्यंत तो टिकला. ज्यांचा जीव धोक्यात होता त्यांनाच ठाऊक नव्हतं. तालिबानला कळू नये म्हणून गुप्तता हवी होती, हे कारण सुरुवातीचे काही आठवडे मलाही पटलं असतं. दोन वर्षं? ब्रिटनच्या संसदेपासूनसुद्धा?

आणि दंड म्हणाल तर सरकारी खात्याला केलेला दंड सरकारी तिजोरीतच जमा होतो. या खिशातला त्या खिशात. २०२२ पासून तर माहिती आयुक्तांनी सरकारी संस्थांना शक्यतो दंडाऐवजी समज देण्याचं धोरण ठेवलं आहे.

छोटी गळती कोणी मोजतही नाही. मागे एका सरकारी कचेरीकडून (नाव घेत नाही) आमच्याकडे खिडकीचा तपकिरी लिफाफा आला. पत्रावरच्या तारखेपासून चौदा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर प्रकरण बंद करू, असं त्यात होतं. लिफाफा हातात पडला तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. आमच्या पत्राच्या मागे पिनेने जोडलेलं आणखी एक पान होतं, ते आमचं नव्हतंच. कुणा तिसऱ्याच बाईचं नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि कुठल्या आजारासाठी मदत मागितली आहे ते. फोन केला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलला. वागायला चांगला होता, त्याची काही चूक नव्हती. म्हणाला, ते पान फाडून टाका. त्या बाईला कळवणार का, असं विचारलं. म्हणाला, तसा पर्याय माझ्या स्क्रीनवर नाही. आपलं पान कोणाकडे गेलं असेल, हा विचार मला फोन ठेवल्यावर सुचला.

भारतात सगळं आलबेल आहे आणि इथेच अंधार आहे, असं मी म्हणत नाही. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आमच्याकडचीच. इथे गाडीचा रोड टॅक्स भरणं, मुलांचा पासपोर्ट काढणं ही कामं विनासायास होतात, कोणाचे हात ओले करावे लागत नाहीत, आणि सरकारी संकेतस्थळावरची इंग्रजी शाळकरी पोराला कळेल इतकी साधी असते. हे मी गावाकडे कौतुकाने सांगते. सरळ चाललेल्या कामाला तुमची यंत्रणा उत्तम आहे. काम जरा आडवं गेलं की मात्र समोर कोणीच नसतं. २०२२-२३ या एका वर्षात लोकांनी करखात्याच्या फोनवर वाट पाहण्यात जो वेळ घालवला तो जोडला तर ७९८ वर्षं भरतात, हा हिशेब तुमच्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा आहे. त्यावर उपाय म्हणून मार्च २०२४ मध्ये करखात्याने वर्षातले सहा महिने एक हेल्पलाइनच बंद ठेवायचं जाहीर केलं होतं! ओरड झाली, दुसऱ्या दिवशी निर्णय मागे.

तेव्हा डिजिटल ओळखपत्राचा कायदा संसदेत मांडाल तेव्हा त्यात एक कलम घाला. सरकारच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, किंवा नोंद दिसतच नसेल, तर त्या माणसाची चूक सिद्ध होईपर्यंत त्याचा हक्क चालू राहील. नोकरी चालू, घर चालू, भत्ता चालू. शोध घ्यायचा तो सरकारने, सरकारच्या खर्चाने, आणि ठराविक मुदतीत. त्या मुदतीत काही सापडलं नाही तर नोंद माणसाच्या बाजूने दुरुस्त करायची. यात फसवणारे चार लोक फायदा उठवतील, असं म्हणणारे अधिकारी तुम्हाला भेटतील. फायदा उठवणारे आताही उठवतातच. त्यांच्याकडे कागद नेहमी चोख असतात.

दुसरं, हातात धरता येईल असं काहीतरी द्या. इंटरनेट नसताना, फोनची बॅटरी संपलेली असताना, सर्व्हर बंद असताना चालेल असं. अशक्य आहे असं सांगू नका. २०२१ मध्ये लसीकरणाचा एनएचएस कोविड पास इथल्याच सरकारने दिला होता. कागदावर छापता यायचा, त्यावर डिजिटल सही केलेला क्यूआर कोड होता, बऱ्याच विमानतळांवर तो वाचला जायचा. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं तो घडी करून खिशात घेऊन फिरली. तंत्रज्ञान तेच, देशही तोच. ई-व्हिसाला तसा कागद देण्यापासून तुमच्या खात्याला कोण अडवतं आहे? आणि त्यावर नाव लिहिताना आमचं मधलं नाव नीट लिहा.

माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला आधी कळवा. आयुक्तांना ७२ तासांत कळवण्याची सक्ती कायद्यात आहेच. ज्याची माहिती गेली त्याला कळवताना मात्र ‘विनाविलंब’ एवढंच म्हटलं आहे, आणि सरकारच्या हिशेबात विनाविलंब म्हणजे किती, ते वर सांगितलंच.

संगणकाच्या पुराव्याबद्दलचं ते १९९९चं गृहीतक रद्द करण्याचा निर्णय या अधिवेशनात घेणार की पुढच्या, एवढं तरी कळवा. त्यासाठी नवीन ॲप लागत नाही, कुठल्या कंपनीला कंत्राट द्यावं लागत नाही. एक पानाची दुरुस्ती आहे.

कळावे,
आपली,
वायव्य लंडनमधली एक नियमित करदाती

ता.क. उत्तर ईमेलने दिलंत तरी चालेल. हे पत्र आणखीही बरेचजण तुम्हाला पाठवणार आहेत, तेव्हा सगळ्यांना एकदम उत्तर पाठवायचं झालं तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाकायला सांगा.